गड्ड्याची झाडे

'कॉडेक्स' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. मूळ लॅटिन शब्द झाडाचा बुंधा, ओंडका अशा अर्थाचा. रोमन लोक लाकडी फळ्यांवर मेण थापून त्यावर लिहीत. अशा फळ्या एकत्र बांधून जी वही होई तिलाही हाच शब्द लागला, आणि पुढे तो ग्रंथ आणि कायद्याची संहिता इथपर्यंत पोचला. आमच्या गोव्यात कुटुंबाच्या बाबतीत अजून ज्याचा आधार घेतला जातो त्या पोर्तुगीज 'कोदिगु सिव्हिल'मधला 'कोदिगु' हा याच बुंध्याचा फुटवा. आयुष्य फायलींत गेलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला ही व्युत्पत्ती जरा जास्तच आवडते.

झाडांच्या शौकिनांच्या तोंडी मात्र कॉडेक्स म्हणजे फुगलेला बुंधा. जमिनीलगत, अर्धा मातीत अर्धा बाहेर, आत पाणी साठवून बसलेला. वर चार काटक्या आणि मूठभर पाने. पाऊस पडेल तेव्हा पिऊन घ्यायचे आणि उरलेले महिने त्या साठ्यावर काढायचे, असा या झाडांचा संसार. मी त्याला आपला साधा 'गड्डा' म्हणतो, सुरणाचा असतो तसा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने सुरणाचा गड्डा ही वेगळी गोष्ट आहे हे मला ठाऊक आहे. पण बोलायला एक शब्द हवा, आणि आपल्या घरात असलेलाच घ्यावा.

या जातीतले आपल्या सर्वांच्या ओळखीचे झाड म्हणजे अडेनियम. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून पणजीच्या हॉटेलांच्या दारापर्यंत कुठेही दिसते. गुलाबी फुले, जाडजूड बुड, आणि विकणारा हमखास सांगणार, "पाणी कमी घाला." हे झाड कण्हेरीच्या कुळातले. चाफा, सदाफुली, कुडा, सातवीण ही सगळी त्याचीच भाऊबंद, म्हणून पान तोडले की चीक येतो आणि तो विषारी असतो. आफ्रिकेत बाणाच्या टोकाला लावीत.

त्याची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा केली ती पीटर फोर्सकोल या लिनियसच्या शिष्याने. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानात एक संशोधक मोहीम धाडली होती, तिच्यातला हा वनस्पतिशास्त्रज्ञ. १७६३ च्या जुलैत तो येमेनमध्ये तापाने वारला. उरलेले लोक जहाजाने मुंबईकडे निघाले. चित्रकार वाटेत समुद्रावरच गेला, वैद्य मुंबईत पोचून गेला, आणि कार्स्टन नीबूर हा एकटा जिवंत राहिला. मुंबईत वर्षभराहून अधिक काळ राहून तो परतला आणि १७७५ साली त्याने आपल्या मेलेल्या मित्राचे टिपण छापून काढले. त्यात हे झाड 'लठ्ठ कण्हेर' अशा अर्थाच्या लॅटिन नावाने आहे. हॉटेलच्या दारातल्या त्या गुलाबी फुलांकडे पाहताना मला हा नीबूर आठवतो. दुसऱ्याचे अपुरे कागद जपून नेणारा माणूस म्हणजे आमच्याच पेशाचा.

हे सगळे मी शिकलो ते गोव्यात नव्हे, कटंगीला.

कटंगी म्हणजे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. नागपूरहून भंडारा, तुमसर करीत वर जावे, बावनथडी नदीच्या आसपास कुठेतरी महाराष्ट्र संपतो, आणि लक्षातही येत नाही. पाट्या हिंदी होतात एवढेच. त्या नदीवरचे राजीव सागर धरणही दोन्ही राज्यांचे मिळून. बालाघाट हा जुन्या मध्य प्रांताच्या नागपूर विभागातला जिल्हा; १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. घराघरांत पोवारी, मराठी, हिंदी अशा तिन्ही भाषा एकाच चुलीवर शिजतात. महाराष्ट्राच्या बाहेर राहून मराठी जपणे म्हणजे काय, हे आम्हां गोवेकरांना कोणी समजावून सांगायला नको. त्यामुळे मला त्या गावात पहिल्या दिवसापासून परके वाटले नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, तिथे दिली आहे. दिली म्हणण्यापेक्षा गेली म्हणावे लागेल. भावजी मूळ कटंगीचे. तो सगळा मँगनीजचा पट्टा. तिरोडी, चिखला, डोंगरी बुजरूक या खाणी आसपासच. खाणीवर मोजणीचे काम शिकून ते नव्वदच्या दशकात गोव्यात आले आणि डिचोली तालुक्यातल्या एका लोहखनिजाच्या खाणीवर सर्व्हेअर म्हणून लागले. लग्न इथलेच. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. वर्षभर वाट बघून अक्का आणि भावजी मुलीला घेऊन कटंगीला गेले. वडिलोपार्जित कवेलूचे घर होते (कवेलू म्हणजे आपली नळे), मागे ऐसपैस अंगण होते, आणि करण्यासारखे काही नव्हते. तेव्हा भावजींनी नागपूरहून अडेनियमची तीन रोपे आणली. आज त्या अंगणात किती आहेत हे भावजींच्या रजिस्टरात पाहावे लागते.

हे रजिस्टर पाहून माझे मन भरून आले होते. जाड पुठ्ठ्याचे, आडव्या रेघांचे, सरकारी कचेरीत असते तसलेच. रकाने असे : अनुक्रमांक, पेरल्याची तारीख, आईचे नाव, बापाचे नाव, उगवल्याची तारीख, पहिले फूल, शेरा. आई आणि बाप म्हणजे अर्थात झाडेच. शेऱ्याच्या रकान्यात 'कुजले', 'उंदीर', 'विकले, नागपूर', 'विकायचे नाही' अशा नोंदी. 'विकायचे नाही' असा शेरा असलेली झाडे अक्काच्या मते फार झाली आहेत.

आई-बाप लिहावे लागतात, कारण आपल्याकडे अडेनियमला आपोआप शेंग क्वचितच धरते. फुलाच्या नळीत खोल पुंकेसरांचा एक मिटलेला शंकू असतो. पराग त्याच्या आत, आणि स्त्रीकेसराचे चिकट टोक त्याच्याही आत. मूळ मुलखात ते काम करणारे किडे असतील, इथे भावजी असतात. सकाळी ऊन चढायच्या आत चष्मा नाकावर ओढून, नळीची एक बाजू ब्लेडने चिरून, बारीक केसाच्या ब्रशने एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलात पोचवतात. दहा फुलांना केले की एखाद्याला लागते. शेंगा जोडीने येतात, बैलाच्या शिंगांसारख्या. पिकू लागल्या की त्यांना दोरा गुंडाळायचा, नाही तर एक दिवस शेंग उकलते आणि दोन्ही टोकांना झुपके असलेल्या बिया वाऱ्यावर निघून जातात. कुड्याची शेंग ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. आपण चवथीच्या माटोळीला बांधतो त्याच त्या जोडशेंगा.

ताजे बी आठवड्याभरात उगवते आणि दोनतीन आठवड्यांतच रोपाचे बुड फुगायला लागते. फांदी लावूनही झाड होते, लवकर होते, पण त्याला असा गड्डा धरत नाही. गड्डा हवा तर बी पेरायला हवे. मग दर एकदोन वर्षांनी झाड उपटायचे, मुळे धुवायची, खालची सोटमुळे छाटायची, आठवडाभर सावलीत सुकवायचे आणि पहिल्यापेक्षा दोन बोटे वर लावायचे. असे करत करत मुळांचा वरचा भाग उघडा पडतो, जाड होतो, आणि दहा वर्षांनी लोक विचारतात, "हे असं कसं झालं?"

माती विचाराल तर तिला माती म्हणणेच चूक. मुरूम, जाड वाळू, कोळशाचे तुकडे, मूठभर शेणखत आणि जुन्या फुटक्या कवेलूंचा चुरा. हा चुरा भावजींचा स्वतःचा शोध. पाणी धरतो आणि सोडतोही. गावात कोणाचे घर उतरवून स्लॅब टाकायचे ठरले की भावजी पोते घेऊन हजर. आमच्याकडेही नळ्यांची घरे मोडताहेत, नि तो ढिगारा शेतात टाकला जातो. तेवढे तरी करता येईल.

अडेनियमवर घर चालते. बाकीची झाडे हौसेची, ती देशभरातले मोजके संग्राहक मागतात. मादागास्करचे पॅकिपोडियम आहे, बुड गुळगुळीत आणि अंगभर काटे. डॉर्स्टेनिया नावाचे एक विलक्षण झाड आहे, वड-फणसाच्या कुळातले. त्याचे फूल म्हणजे उंबर उलगडून सपाट ठेवावे तशी चकती. बी पिकले की ते टिचकीने उडवते, त्यामुळे त्यावर जुन्या मच्छरदाणीचे टोपडे. आणि दक्षिण आफ्रिकेचा एक कणगा, हत्तीच्या पायासारख्या भेगाळ गड्ड्याचा. आपल्या काटेकणगीचाच हा भाऊ, पण तिकडच्या हिवाळी पावसाची सवय असल्याने तो कटंगीत दिवाळीच्या सुमारास वेल सोडतो आणि उन्हाळ्यात मेल्यासारखा पडून राहतो. पहिल्या वर्षी शेजारणीने तो दगड समजून मिरच्या वाळवायच्या कापडावर ठेवला होता.

गोव्यात हे सगळे इतके सोपे नाही. पणजीला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, बालाघाटकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण खरा फरक आकड्यात नाही. आमचा पाऊस संपला तरी हवेतला ओलावा जात नाही, आणि थंडी अशी पडतच नाही. कटंगीत डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, अडेनियम पाने टाकते, आणि भावजी दोनअडीच महिने त्याला थेंबभर पाणी देत नाहीत. झाड झोपते. गोव्यात ते बिचारे वर्षभर अर्धे जागे. म्हणून इथे ज्यांना कोरडी बाग करायची आहे त्यांनी खड्डा खणू नये, उंचवटा करावा. चिऱ्याचे तुकडे, वाळू, खडी यांचा गुडघाभर ढीग, त्यावर झाड, म्हणजे पाणी उभे राहत नाही. गड्डा दाबून पाहावा. टणक असेल तर ठीक. मऊ लागला तर दोनच कारणे, तहान किंवा कूज. तहानलेला सुरकुततो आणि पाण्याने दोन दिवसांत भरतो. कुजलेला बोटाला लिबलिबीत लागतो आणि वास येतो. मग पांढरा निरोगी भाग लागेपर्यंत कापत जायचे, वाळवायचे आणि देवाचे नाव घ्यायचे.

गेल्या मे महिन्यात मी कटंगीला असताना एक व्यापारी आला. मोठ्या शहरातला, चांगल्या गाडीतून. भावजींची झाडे त्याने पाहिली, तोंडभर स्तुती केली, दहा-बारा विकत घेतली. मग चहा झाल्यावर मूळ मुद्दा निघाला. त्याला जंगलातली जुनी खोडे हवी होती. सोनसावर, जिला तिकडे गलगल म्हणतात. कातळावर वाढलेली, बुटकी, वारा नि वणवा खाऊन वेडीवाकडी झालेली. सालईची. काटेसावरीची. "तुमच्या ओळखीतले लोक आहेत, खणून आणतील. एका खोडाचे पाच हजार देतो, मोठ्याचे दहा." बोन्सायवाले आणि गड्डेवाले यांच्यात अशा झाडांना फार मागणी आहे म्हणे.

इथे थोडे थांबून सांगायला हवे, की त्याचे म्हणणे झाडांच्या दृष्टीने अगदीच चूक नव्हते. आपण परदेशी गड्डे कौतुकाने पाहतो, पण आपल्या रानात गड्डे कमी नाहीत. काटेसावरीच्या कोवळ्या रोपाचे मूळ मुळ्यासारखे फुगते. तेच खणून 'सेमल मुसळी' म्हणून औषधी बाजारात जाते. तिची मेक्सिकोकडची चुलत बहीण संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. सोनसावरीचे रोपही तसेच, जमिनीखाली साठा करून बसते आणि वणव्यानंतर पुन्हा फुटते. भुईकोहळ्याचा कंद तर मांडीएवढा होतो. पुण्याच्या परिसरात किरकुंडी नावाचे जेमतेम वीतभर उंचीचे एक झुडूप आहे, एरंडाच्या कुळातले, खाली जाड मूळ; जगात इतरत्र फारसे कुठेच नाही. जुन्नरच्या कड्यांवर शिंदळ माकुडी आहे. तिच्यात गड्डा नाही, मांसल फांद्या आहेत. डाल्झेल नावाच्या अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात ती शोधली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. ही माकुडी युरोपातल्या काचघरांत फांदीपासून सहज वाढते, तिथे दुर्मीळही राहिलेली नाही. दुर्मीळ आहे ती तिच्या स्वतःच्या कड्यावर.

म्हणजे अडचण झाड हवे असण्यात नाही. ते कुठून येते हा प्रश्न आहे. बियांपासून वाढवलेला दहा वर्षांचा गड्डा आणि कातळावरून उपटलेला साठ वर्षांचा गड्डा कुंडीत शेजारी ठेवले तर दुसराच देखणा दिसतो, हे मान्य करायला हवे. म्हणूनच तर चोरी होते. दक्षिण आफ्रिकेत २०१९ पासून अशा मांसल झाडांच्या चोरीची लाटच आली. पोलिसांनी पकडलेल्या झाडांचीच संख्या दहा लाखांहून अधिक आहे. त्यांतली बहुतेक अंगठ्याएवढी, एखाद्याच टेकडीवर वाढणारी. खणणारे तिथलेच बेरोजगार लोक, पैसे मिळवणारे दुसरीकडे.

जुन्या काळीही झाडे नेली जात, पण त्यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. व्हिएन्नाला शोनब्रुनच्या राजवाड्यात एक फोकिया आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बादशहाच्या माळ्यांनी ती केपहून आणली. गड्डा, त्यावर वेल. पुढे शंभर वर्षे तसे दुसरे झाड कोणाला सापडलेच नाही, म्हणून ही आपल्या जातीची जगातली शेवटची असे सगळे मानत. विसाव्या शतकात तिची जात आफ्रिकेत पुन्हा सापडली. ती म्हातारी अजून कुंडीत जिवंत आहे, दोनशे वर्षे उलटून गेली. मला त्या राजवाड्यातल्या माळ्यांच्या पिढ्यांचे कौतुक वाटते. साम्राज्य गेले, दोन महायुद्धे झाली, आणि कोणीतरी दर हिवाळ्यात पाणी बंद करायचे विसरले नाही. पण त्या काळी गेली ती बोटावर मोजण्यासारखी झाडे. आज मोबाईलवर फोटो टाकला की संध्याकाळी शंभर गिऱ्हाईक.

आपण गोवेकरांनी फार शहाणपण सांगू नये. माटोळीत रानातली किती फळे, किती वेल बांधली यावर आता स्पर्धा होतात. रानाची ओळख राहावी हा त्यातला हेतू चांगलाच आहे, आणि मी स्वतः लहानपणी वडिलांबरोबर रानात जाऊन या वस्तू आणल्या आहेत. पण घरापुरता एक घोस आणणे आणि परीक्षकांसाठी कोणाकडेच नसलेले झुडूप मुळासकट आणणे यांत अंतर आहे.

तर त्या व्यापाऱ्याला भावजी म्हणाले, "बियाचं पायजे तर देतो. रानातलं नाही जमत बापा."

"काका, जंगलात सडूनच जाणार ना शेवटी?"

"हाव. पण तिथं सडल तर तिथलंच होईल."

तो हसला. मग मी गोव्याचा असे कळल्यावर त्याने मोर्चा माझ्याकडे वळवला. आमच्या सड्यांवर कंदीलपुष्पाच्या काही दुर्मीळ जाती होतात हे त्याला नेमके ठाऊक होते. पावसात वेल दिसतो, खाली कंद असतो, पाकिटात मावतो. "तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला कोण विचारणार?" पंचवीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकले आहे, पण कंदासाठी पहिल्यांदाच. मी त्याला सांगितले की कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या कंदीलपुष्पांवर आयुष्य घातले आहे, रोपे वाढवून ती पुन्हा रानात लावली आहेत; हवे तर त्यांचे काम जाऊन बघा. त्याला त्यात रस नव्हता. परदेशी झाडांच्या आयातीसाठी २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे, पॅकिपोडियमसारखी झाडे आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, हेही मी सांगू लागलो, तेव्हा त्याने घड्याळ पाहिले. कारकुनाचा एवढा तरी उपयोग असतो.

गाडी गेल्यावर अक्काने मात्र तोंड सोडले. भाचीची नागपूरच्या कॉलेजची फी भरायची होती. सहा खोडांत ती भागली असती.

"रानात काय ती मोजून ठेवलीत कोणी?" अक्का म्हणाली. "तुम्ही नाही दिली तर दुसरा देईल. खड्डा पडायचा तो पडणारच."

तिचे खोटे नव्हते. पुढच्याच आठवड्यात बाजारात एका माणसाकडे भुईकोहळ्याचे कंद चकत्या करून विकायला आलेले आम्ही पाहिले. तो दिवसभर चालून, खणून, शेदोनशे रुपयांसाठी आणत असणार. त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. त्याच्या भाकरीचा प्रश्न आणि त्या गाडीवाल्याच्या हौसेचा प्रश्न एका रांगेत बसत नाहीत. पण भुईकोहळ्याचा कंद पूर्ण काढला की वेल संपतो, हेही तितकेच खरे.

भावजी तिला लगेच काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "साळेबुवा, मी गोव्यात वीस वर्षं काय केलं? किती घनमीटर निघालं, किती उरलं, ते मोजलं. त्याला लीज होती, नकाशा होता, तरी एक दिवस बंद झालं. इथं तर नकाशाबी नाही." मग अक्काकडे वळून, "फीचं पाहतो मी."

फीचे त्यांनी असे पाहिले : रजिस्टर काढले, आणि 'विकायचे नाही' या शेऱ्याच्या झाडांपैकी चार निवडली. त्यांतले एक २०१४ च्या पेऱ्यातले, त्यांच्या पहिल्या यशस्वी शेंगेचे. बुड घागरीएवढे झालेले. शेरा खोडून समोर तारीख घातली आणि सही केली. स्वतःच्याच वहीत सही कशाला, असे मी विचारले नाही. आम्ही सही कशाला करतो हे मला ठाऊक आहे. नागपूरच्या एका संग्राहकाने ती चारही नेली, आणि अक्का दोन दिवस कमी बोलली, यावेळी दुसऱ्या कारणाने. त्या मोठ्या झाडाखालची जागा तिने शेणाने सारवून घेतली.

मी निघालो तेव्हा भावजींनी मला रोप दिले नाही. "गोव्यात नेऊन पावसात बुडवाल," म्हणाले. त्याऐवजी एक कागदी पुडी दिली. रस्त्याच्या कडेच्या सोनसावरीची बोंडे उकलून खाली पडली होती, त्यातल्या कापसात अडकलेल्या बारा बिया. टरफल फार टणक, म्हणून सहाणेवर एका बाजूने घासायच्या, रात्रभर कोमट पाण्यात ठेवायच्या आणि मग पेरायच्या, अशी सूचना. पुडीवर त्यांच्या अक्षरात अनुक्रमांक, जागा, तारीख. बापाच्या रकान्यात 'अज्ञात'.

बलकांवाच्या कडेला, पागोळ्यांपासून हात दोन हात आत, मी त्या पेरल्या. माती आमच्या शेजाऱ्यांच्या मोडलेल्या घराच्या नळ्यांच्या चुऱ्याची. जुलै संपेपर्यंत बारापैकी नऊ उगवल्या. पाने पंजासारखी, देठ लालसर, आणि एक रोप हळूच मातीतून हलवून पाहिले तर मूळ बोराएवढे फुगलेले. उरलेल्या तीन कुंड्यांची मी अजून आठवडाभर वाट पाहणार आहे. मग त्यांत मिरची लावायची असे घरातून जाहीर झाले आहे.